उसनं रुखवत

आमच्या हॉलची एक अख्खी भिंत लाल करायची असं मी ठरवलं, तेव्हा रंगाऱ्याने डबा दोनदा उघडून बघितला. "मॅडम, पूरा लाल? मंदिर बना रहे हो क्या?" मी म्हटलं, "नहीं भैया, घर है. आप लगाओ." त्याने लावला, पण लावताना अधूनमधून मान वळवून माझ्याकडे बघत होता. संध्याकाळी नवरा कामावरून आला, दारातच थांबला आणि म्हणाला, "आपलंच ना?"

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. भाईंदर पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर आमचा वन बीएचके. बिल्डिंगमध्ये कुणाच्याही घरात गेलं तरी हॉल एकच. भिंतभर शोकेस, मधल्या खणात टीव्ही, वरच्या खणांत प्लास्टिकची फुलं, ताजमहाल, पोरांचे कप आणि कुणीतरी सिंगापूरहून आणलेला सिंहाच्या तोंडाचा मासा. मला त्याचा मनस्वी वीट आला होता. त्यात माझी एक दाढ किडली. दातांच्या डॉक्टरांकडे सहा वेळा बसावं लागलं आणि त्यांच्याकडची घरसजावटीची सगळी मासिकं मी वाचून काढली. त्यांत लिहिलेलं असायचं की घराला स्वतःचं व्यक्तिमत्त्व हवं. आमच्या घराला तोवर फक्त मेंटेनन्स होता.

मी कामाला लागले. शोकेस मोडून सुताराला देऊन टाकली. लाल भिंतीवर कॉलेजातल्या एका चित्रकार मित्राचं पाच फुटी चित्र टांगलं. काळा आणि नारिंगी रंग, मध्ये एक पिवळा धब्बा. येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, हे काय आहे? नवरा म्हणायचा, "तिला विचारा." मी म्हणायचे, "तुम्हाला जे वाटेल ते." समोरच्या काकू पाच मिनिटं चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला तर बाई काहीच वाटत नाही."

शिवाय जुन्या वस्तू. काशीगावच्या बाजूला हायवेला लागून जुन्या सामानाची दुकानं होती. रविवारी मी नवऱ्याला घेऊन तिथे जायचे आणि धुळीत हात घालून बसायचे. कोळशाची इस्त्री आणली, पितळी स्टोव्ह आणला, वाण्याचा तराजू आणला, ग्रामोफोनचा कर्णा आणला. ग्रामोफोन नव्हता, फक्त कर्णा. नवऱ्याने एकदाच विचारलं, "यातलं वाजतं काय?" मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. पुन्हा त्याने विचारलं नाही.

आता त्या मोडलेल्या शोकेसमध्ये काय होतं ते सांगायला हवं. माझ्या आईने केलेलं माझं रुखवत होतं.

आई महाडला एकटीच राहायची. माझं लग्न ठरल्यावर तिने एक वर्ष बसून सुपारीची वरात केली. एक्केचाळीस बाहुल्या, मोठ्यातली मोठी वीतभर. डोकं सुपारीचं, अंग तारेचं आणि कापसाचं, कपडे तिच्याच जुन्या साड्यांच्या कातरणाचे. बेगडाच्या पिपाण्या घेतलेले बँडवाले, डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायका, लोकरीचा घोडा, नवरदेव, करवल्या, अंगठ्याएवढी पोरं. आणि सगळ्यांपासून चार बोटं लांब, वरातीकडे पाठ करून उभा असलेला एक रुसलेला मामा. लग्नात कुणीतरी रुसायला हवंच, त्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही, असं आईचं म्हणणं. माझ्या लग्नात लोक नवरा-नवरीला सोडून रुखवताच्या टेबलाभोवती उभे होते. कुणीतरी तर मामाला बघून आमच्या खऱ्या मामाकडे वळून हसलं आणि तो खरंच रुसला.

ती वरात मी एका खोक्यात भरली आणि माळ्यावर टाकली. लाल भिंतीला ती मॅच होत नव्हती. हे वाक्य मी त्या वेळी मोठ्याने बोलले होते. कुणी ऐकलं नाही तेवढं बरं.

चार-सहा महिन्यांनी समोरच्या काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं, काशीगावात. काकू रत्नागिरीच्या. त्या शाळेत शिपाईण, त्यांचे यजमान औषधांच्या कारखान्यात, मुलगी एका दुकानात हिशेब लिहायला. तिघंही सकाळी जे बाहेर पडायचे ते अंधार पडल्यावर घरी. रुखवत करणार कोण आणि कधी? काकू माझ्याकडे आल्या. "अगं, तुझ्या आईने केलेली ती वरात, एका दिवसापुरती देशील का? टेबल अगदीच रिकामं दिसेल गं."

मी लगेच खोका उतरवून दिला. वर काय म्हणाले? "परत द्यायची घाई नाही काकू." माळा रिकामा झाला म्हणून मला आनंदच झाला होता. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण काकू म्हणाल्या, तुझं अक्षर छान आहे, टेबलावर ठेवायला एक पाटी लिहून दे. मी बसले आणि जाड कार्डावर सोनेरी शाईने, वळणं काढून काढून लिहिलं: वधूने स्वहस्ते तयार केलेले रुखवत. माझ्या आईच्या वर्षभराच्या कामावर दुसऱ्या मुलीचं नाव मी माझ्या हाताने, सोनेरी शाईत घातलं. आणि "स्वहस्ते" शब्दाखाली एक छोटी वेलबुट्टी पण काढली.

पुढे काय झालं ते कुठल्याही शेंबड्या पोराला आधी सांगता आलं असतं. रुखवत म्हणजे काय, तर मुलीबरोबर सासरी जायची वस्तू. लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि मुलाकडच्या बायकांनी टेबलावरचं सगळं चादरीत गोळा करून टेम्पोत ठेवलं. काकू तेव्हा मुलीच्या गळ्यात पडून रडत होत्या. मीही रडत होते. आमच्या डोळ्यांसमोरून वरात गेली आणि आम्ही डोळे पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी काकू तोंड पाडून आल्या. "आता परत कशी मागू गं? उसनं आणलं होतं म्हणून सांगायचं, तर पोरगी पहिल्याच दिवशी खोटं बोलली असं होईल. सासूने तर सगळ्या गावाला बोलावून दाखवलंय." मी मोठ्या मनाने म्हटलं, "राहू द्या हो काकू." मला मोठं मन दाखवायला फार आवडायचं तेव्हा.

वर्षभराने आईचा फोन आला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, उजव्याने आधीपासूनच धूसर दिसायचं. महाडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. मी म्हटलं, "इकडेच ये. इथे चांगले डॉक्टर आहेत, महिनाभर राहा." फोन ठेवला आणि मला वरात आठवली. आई आमच्याकडे लग्नानंतरच्या सत्यनारायणाला आली होती, त्यानंतर आलीच नव्हती. तेव्हा वरात शोकेसच्या वरच्या खणात होती आणि तिने स्वतःच्या हाताने मामा पाठमोरा उभा केला होता.

नवरा म्हणाला, "त्यांना नीट दिसत कुठे आहे?"

"अरे, दिसावं म्हणूनच तर येतेय ना ती!"

"मग आत्ताच काय ते कर," तो म्हणाला आणि पेपर वाचायला लागला. कधीकधी हा माणूस इतका बरोबर बोलतो की डोकंच फिरतं.

आई यायच्या आधीच्या रविवारी मी काशीगावला गेले. निमित्त काय, तर काकूंच्या मुलीला भेटायचं. हातात पेढे, आणि पर्समध्ये घडी घालून ठेवलेली सगळ्यात मोठी पिशवी. रिक्षात मी वाक्यं जुळवत होते. मुलीला बाजूला घेईन, सासूला काहीतरी सांगेन, दुरुस्तीला न्यायची म्हणेन. नवऱ्याला बरोबर घेतलं होतं, कारण उचलायला कुणीतरी हवं.

जुनं घर पाडून त्यांनी नवीन दुमजली बांधलं होतं. हॉलमध्ये काचेची शोकेस, आत छोटे दिवे, आणि त्या दिव्यांत माझी वरात. शोकेसमध्ये दुसरं काहीच नव्हतं. कप नाही, ताजमहाल नाही. मी इतक्या दिवसांनी बघत होते आणि खरं सांगते, माझ्या घरात ती इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती.

"आमच्या सुनंनी केलंय," सासूबाई म्हणाल्या. "सोताच्या हातानी. इकतचा न्हाय हाय. ही बघा पाटी. अक्षर बघा तिचं!"

मी माझं अक्षर बघितलं. म्हटलं, "छान आहे."

"हा एक बावला उलटा लावलेला, तो आमी सरळ केला," सासूबाई म्हणाल्या. बघते तर मामा वरातीत घुसून बँडवाल्यांकडे बघत उभा. माझे हात शिवशिवले. काचेला कुलूप होतं.

मुलगी चहा घेऊन आली. चहात साखर घालायला विसरली होती. मी तसाच प्यायले, नवऱ्यानेही प्यायला. सासूबाईंचं चालूच होतं. आता त्यांच्या मुलीचं लग्न होतं, मार्गशीर्षात, आणि तिच्या रुखवताला अशीच वरात सुनेकडून करून घ्यायची होती. "हिच्यापेक्षा मोठी कर म्हटलं. येळ हाय अजून." काकूंची मुलगी खाली फरशीकडे बघत होती. निघताना फाटकापर्यंत आली आणि माझा हात धरून म्हणाली, "ताई, मला सुईत दोरा ओवता येतो, बाकी काही येत नाही. मी काय करू?"

मी म्हटलं, "बघू." पर्समधली पिशवी तशीच परत आली. राग तर असा आला होता की कुणावर काढावा कळेना. सासूबाई निष्पाप, मुलगी गरीब, काकू बिचाऱ्या. म्हणून मग भाईंदर येईपर्यंत मी नवऱ्यावर काढला. तो बिनसाखरेच्या चहाबद्दल एक शब्द बोलला होता, तेवढं मला पुरलं.

आई आली. दारात उभी राहून तिने डोळे बारीक केले. "भिंत लाल आहे का गो?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि बॅग ठेवून हातपाय धुवायला गेली.

ती काही विचारेना. सगळीकडे हात लावत फिरली. कोळशाच्या इस्त्रीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही कशाला ठेवलीस? आपली मी भंगारवाल्याला दिली."

"ही अँटिक आहे आई."

"अशीच होती की आपली. मूठ पण अशीच." मग जरा विचार करून म्हणाली, "तीच आणलीस की काय विकत?"

नवरा आत निघून गेला. स्वयंपाकघरातून त्याचा खोकल्याचा आवाज आला. खोकला नव्हता तो.

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत दोन आठवडे गेले. रक्त, साखर, प्रेशर. दोन आठवडे मी रोज सकाळी ठरवायचे की आज सांगू, आणि रोज संध्याकाळी आईच्या आवडीची भाजी करायचे. माझ्या हातची एवढी भाजी तिने जन्मात खाल्ली नसेल. ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी बांधून घरी आणली. पट्टी दुसऱ्या दिवशी निघणार होती, आणि मग तिला माझं घर लख्ख दिसणार होतं. आता तोंड लपवायला जागा उरली नव्हती. चहा देताना मी खाली तिच्या पायाशी बसले.

"आई, तुला एक सांगायचंय. तू केलेली वरात..."

सगळं सांगितलं. माळा, काकू, पाटी, सोनेरी शाई, वेलबुट्टी, काहीच ठेवलं नाही. आई चहा पीत होती.

"मला आले तेव्हाच कळलं," ती म्हणाली.

"काय कळलं?"

"भिंत दिसत होती ना. शोकेस असती तर भिंत कशी दिसली असती?"

दोन आठवडे माझा जीव टांगणीला आणि ही बाई शांतपणे माझ्या भाज्या खात बसली होती!

"काचेत ठेवलीय का त्यांनी?" तिने विचारलं.

"हो. आत दिवे पण आहेत."

"डांबरगोळ्या ठेवल्यात का? सुपारीला कीड लागते."

"विचारलं नाही."

"विचारायचं गो." मग एकदम ताठ बसली. "आणि मामा?"

"सरळ केलाय."

"सरळ?" आईचा आवाज पहिल्यांदा चढला. "सरळ केला तर तो रुसला कसा म्हणायचा?"

मला वाटलं, आता सुरुवात झाली, आता बोलेल. तिने मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी मी गाल पुढे केला असता. पण तिने एवढंच विचारलं, "त्या पोरीला आता दुसरी करायचीय म्हणतेस. आणि तिला येत नाही. मार्गशीर्षाला किती दिवस आहेत?"

श्रावणात मुलगी सणांसाठी माहेरी आली. सासूबाईंनी बरोबर सुपाऱ्यांची पिशवी दिली होती, कौतुकाने. काकूंच्या स्वयंपाकघरात मुलगी ती पिशवी मांडीवर घेऊन रडत बसलेली, आणि माझी आई, डोळ्यांवर काळा चष्मा, भिंतीला हात लावत लावत त्यांच्या दारात. "मला वाकायचं नाही आणि बारीक बघायचं नाही," तिने सांगून टाकलं. "मी सांगते, तू कर. आधी रडणं बंद. ओल्या हाताने कापूस नीट गुंडाळत नाही."

नंतर रोज दुपारी आई समोरच्या घरी. मला ऑफिसला रजा असली की मी घरात बसून ऐकायचे. दोन्ही दारं उघडी असायची. "तार आधी कमरेत वळव. हां. आता हात. हात लांब झाले, माकड दिसेल." मग दोघींचं हसणं. पहिल्या बाहुलीला मान नव्हती. पाचवी बरी झाली. दहाव्या बाहुलीला मुलीने काकूंसारखी पदर खोचलेली साडी नेसवली आणि आईने बोटांनी चाचपून ओळखलं की ही तुझी आई. मला कुणी बोलावलं नव्हतं असं नाही. एकदा गेले, तारेचा तुकडा हातात घेतला, तर आई म्हणाली, "राहू दे, तुला सवय नाही." बरोबरच होतं. माझी आई वर्षभर माझ्यासाठी ते करत होती तेव्हा मी एकदाही विचारलं नव्हतं की मान कशी बसवतेस. मी जळायला लागले. परक्या मुलीवर, सुपाऱ्यांवर, काकूंच्या उघड्या दारावर. हे कुणाला सांगणार?

महिन्यासाठी आलेली आई दोन महिने राहिली. मुलगी सासरी जाताना एकवीस बाहुल्या तयार होत्या आणि उरलेल्या कशा करायच्या ते तिला पाठ होतं. आता ती पाटीवरची गोष्ट निदान अर्धी तरी खरी झाली होती. आईने तिला बजावलं, "मामा पाठमोराच ठेवायचा. कुणी सरळ केला तर सांग, ह्याचा मान राहिलाय." मुलगी आईच्या पाया पडली, आणि आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईची गाडी होती. तिची बॅग भरून झाली. डोळा आता चांगला झाला होता. हॉलमध्ये खुर्चीवर बसून ती सगळं नीट बघत होती. चित्र बघितलं, तराजू बघितला, कर्णा बघितला. मी बाजूला उभी राहिले आणि बरेच दिवस पोटात ठेवलेलं एकदाचं बोलले.

"आई, मला पण करून दे ना. मोठी नको. चारच बाहुल्या. तू सांग, मी करते."

आईने माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा हॉलमध्ये नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जागा शोधत होती. टोमणा नव्हता तो, तिचे टोमणे मला ओळखता येतात.

"आणि ठेवशील कुठे गो?" तिने विचारलं.

मीही बघितलं. मलाही दिसेना. मग माझा बांध फुटला, आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोठमोठ्याने रडले.

"अगो, रडतेस काय," आई म्हणाली. "छान ठेवलंयस की घर."